मनाच्या आजारावरील सेवेचे शिक्षण : खर्च आणि मिळकत



ट्रस्टच्या या महोत्सवात मुलामुलींच्या उच्च शिक्षणावर चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली. विषय मोठा आहे, म्हणून मी त्यातील एकच शाखा घेतो. मानसिक आरोग्याच्या सेवेचे शिक्षण परवडते काय, असे पालक हल्ली आम्हां शिक्षकांना विचारू लागले आहेत. त्याचा हिशोब आज मांडून पाहू.

गरजेविषयी शंका नको. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. त्यांत गुजरातही होते. प्रौढांपैकी शेकडा दहा-अकरा जणांना मानसिक आजार आढळला, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. २०२४ साली हिऱ्यांच्या धंद्यात मंदी आली, तेव्हा आपल्या सुरतेतच रत्नकलाकारांच्या संघटनेला मदतीचा टेलिफोन सुरू करावा लागला.

परंतु गरज आहे म्हणून पगार चालत घरी येतो, असे नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे, हे ठरवून दिले. बी.ए.ची तीन वर्षे, एम.ए.ची दोन आणि त्यावर पूर्णवेळ एम.फिल.ची दोन, अशी ही सात वर्षांची वाट होती. मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यालाही एम.एस.डब्ल्यू.नंतर एम.फिल. सांगितली आहे. पुढे एम.फिल. पदवीच बंद करण्याचे धोरण आले, आणि या दोन शाखांपुरती प्रवेशाची मुभा २०२५-२६ पर्यंत देण्यात आली. म्हणून चिकित्सा-मानसशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी त्याला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे ना, एवढे आधी पाहावे. नोकरी सांभाळून घरबसल्या शिकण्याचा स्वस्त मार्गही आता उरला नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे पत्रद्वारा व ऑनलाइन शिक्षण थांबविले आहे.

आता हिशोब करू. आकडे उदाहरणादाखल घेतो. प्रत्येकाने आपापले घालावेत. समजा, बी.ए. झालेल्या मुलीला १५,००० रुपयांची नोकरी मिळत होती. ती सोडून ती आणखी चार वर्षे शिकली. बुडालेला पगार झाला ७,२०,००० रुपये. चार वर्षांची फी ३,००,००० धरा. परगावी दोन वर्षे राहण्याजेवणाचे दरमहा ६,००० प्रमाणे १,४४,००० झाले. एकूण ११,६४,००० रुपये. पालक फी तेवढी मोजतात. बुडालेला पगार कोणी मोजत नाही, आणि सर्वांत मोठी रक्कम तीच असते.

शिक्षणानंतर तिला इतर नोकरीपेक्षा दरमहा १०,००० रुपये जास्त मिळाले, तर ही रक्कम भरून निघण्यास जवळजवळ दहा वर्षे लागतील. फी व राहण्याचा खर्च कोणी उचलला, तर सहा वर्षांत भागेल. परंतु एम.ए. करून पैशाअभावी ती मध्येच थांबली, तर? दोन वर्षांचा पगार गेला, फीही गेली, आणि कायद्याने मानलेली पात्रता हाती आली नाही. कर्ज काढले असेल तर त्याचा हप्ता निराळाच. चार लाखांचे कर्ज शेकडा दहा व्याजाने पाच वर्षांत फेडावयाचे, तर दरमहा सुमारे ८,५०० रुपये पडतात.

ज्या घराला इतकी वर्षे थांबणे शक्य नाही, त्याने परिचारिकेच्या शिक्षणाचा विचार करावा. मान्यताप्राप्त नर्सिंगची पदविका वा पदवी असलेल्या परिचारिकेलाही तोच कायदा मानसिक आरोग्य सेवेत स्थान देतो. तेथे मिळकत लवकर सुरू होते, आणि मनोरुग्णसेवेचे पुढील शिक्षण मागाहून घेता येते.

मिळकतीची बाजूही थोडी उजळत आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सांगितले. शिवाय एक नफा वहीत मांडता येत नाही. उधना-लिंबायतच्या वस्तीतील खानदेशी बाई आपले दुःख अहिराणीत सांगते. तिची बोली जाणणारी मुलगी समोर बसली, म्हणजे निम्मे काम होते. उणावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा व दुआ' चालते; दुआसाठी आलेल्या माणसाला तेथेच डॉक्टर भेटतो. माणसाची श्रद्धा आणि भाषा ओळखली, तर उपचार त्याच्यापर्यंत पोहोचतो.

विश्वस्त मंडळींस माझी नम्र विनंती एवढीच. वह्या-पुस्तकांची मदत दहा जणांना जरूर द्यावी. पण या शाखेत पाच मुलींना पाच पायऱ्यांवर सोडून देण्यापेक्षा एका मुलीला शेवटच्या पायरीपर्यंत न्यावे. बिनव्याजी रक्कम द्यावी, आणि तिने कमावू लागल्यावर ती परत करावी, म्हणजे त्याच पैशात दुसरी शिकेल. अर्ध्या वाटेवर संपलेली शिष्यवृत्ती गरिबाच्या घरावर कर्जासारखीच बसते.