पेयातील गुंगी : सावधगिरी आणि साहाय्य



प्रवासात शेजाऱ्याने पुढे केलेला चहा घेणे, लग्नघरी दिलेले सरबत निःशंकपणे पिणे हा आपल्या समाजजीवनातील सहज विश्वास होय. याच विश्वासाचा लाभ घेऊन पेयात गुंगी आणणारे द्रव्य मिसळण्याचा अपराध केला जातो. कधी त्यामागे लुटीचा हेतू असतो, तर कधी अत्याचाराचा.

हा प्रकार नवा नाही. वाटसरूंना धोतऱ्याचे बी खाऊ घालून लुटल्याची प्रकरणे एकोणिसाव्या शतकातील न्यायवैद्यक लेखनात नमूद आहेत. हे बी मिरचीच्या बियांसारखे दिसत असल्याने अन्नात सहज लपते. घसा कोरडा पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणे आणि असंबद्ध बडबड ही त्या विषबाधेची लक्षणे आहेत. आता धोतऱ्याबरोबरच डायझेपाम, लोराझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंताशामक औषधांचाही दुरुपयोग होतो. अनोळखी सहप्रवाशाकडून खाद्यपेय घेऊ नये, अशा सूचना रेल्वे स्थानकांवर दिल्या जातात त्या याचसाठी. तथापि असे कृत्य करणारा नेहमी परकाच असतो असे नाही. परिचितांच्या मेळाव्यात शीतपेयात गुपचूप मद्य मिसळणे किंवा होळीला ठाऊक नसलेल्यास भांगेची थंडाई पाजणे, यास थट्टा समजण्याची प्रवृत्तीही तितकीच घातक आहे. मद्य आणि झोपेचे औषध एकत्र पोटात गेल्यास श्वसन मंदावून प्राणावर बेतू शकते.

या अपराधाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे अगत्याचे आहे. अशा औषधांच्या अमलाखाली घडलेल्या गोष्टींची स्मृतीच पुष्कळदा तयार होत नाही. पीडित व्यक्ती अडखळत बोलते, तोल सावरू शकत नाही आणि काय घडले ते सांगू शकत नाही. पाहणारे तिला दारुडी समजून बाजूला होतात. एस. टी. स्थानकाच्या बाकावर पडलेल्या माणसाबाबत असा ग्रह झाला, की उपचाराची वेळ निघून जाते आणि पुरावाही नाहीसा होतो. कारण काही द्रव्यांचा मागमूस लघवीत सुमारे १२ तासांनंतर लागत नाही.

सबब, अशी व्यक्ती आढळल्यास तिला एकटे सोडू नये. कुशीवर निजवावे, श्वासाकडे लक्ष ठेवावे, बळेच ओकारी काढू नये वा काही पाजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांसाठी ११२ आणि रेल्वे प्रवासात १३९ हे क्रमांक आहेत. उरलेले पेय, पेला वा बाटली न धुता जपून ठेवावी. रक्त व लघवीचे नमुने विनाविलंब घेण्याची विनंती डॉक्टरांना करावी.

कायद्याची तरतूद स्पष्ट आहे. इजा करण्याच्या किंवा अपराध घडविण्याच्या हेतूने, अथवा इजा होण्याचा संभव आहे हे जाणून, गुंगीकारक पदार्थ देणाऱ्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १२३ अन्वये १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नशेमुळे कृत्याचे स्वरूप वा परिणाम समजण्याच्या स्थितीत नसलेल्या स्त्रीची संमती ही कायद्याने संमती ठरत नाही. प्रवासात घटना नेमकी कोठे घडली हे ठाऊक नसले तरी, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

प्रतिबंधाचे कार्य मात्र गावातच व्हावयास हवे. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे ‘एच-१’ अनुसूचीत असून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे; या नोंदींची तपासणी संबंधित अधिकाऱ्यांनी काटेकोरपणे करावी. आपला पेला नजरेआड झाल्यास त्यातील पेय पुन्हा पिऊ नये आणि मैत्रिणीला अचानक गुंगी आल्यास तिला कोणाबरोबरही एकटी पाठवू नये, हे शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलामुलींना समजावून सांगावे. ग्रामसभेत, विशेषतः यात्रा व लग्नसराईपूर्वी, या विषयाची माहिती देण्यात यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पीडितेला “तू घेतलेसच का?” असा प्रश्न विचारला जाऊ नये. या प्रश्नाच्या भीतीने अनेकजण मौन पत्करतात आणि अपराधी पुढच्या सावजाच्या शोधात मोकळा फिरतो. गावातील शिक्षक, सरपंच आणि पोलीस पाटील आपले म्हणणे दोष न देता ऐकून घेतील, असा भरवसा लोकांना वाटला तरच अशा घटना वेळीच उजेडात येतील.