माकुलाचे रक्त आणि कामगाराचा हात



आमचे काम कामगार संघटनेचे. शाळा आमची सातवीतच सुटली. तेव्हा प्राणिशास्त्रावर आम्ही बोलावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. पण या विषयाची ओढ आम्हाला पुस्तकांनी लावली नाही. ती माकूल साफ करणाऱ्या बायांच्या हातांनी लावली.

दिवाळ्याच्या कोळीवाड्यात माकूल कोणाला ठाऊक नाही? ते साफ करताना हात काळे होतात. पण ते रक्त नव्हे, ती शाई. माकुलाचे रक्त निराळेच. आपल्या रक्तात प्राणवायू वाहिला जातो तो लोहाच्या आधारे, त्याच्या रक्तात तांब्याच्या आधारे. म्हणून प्राणवायू मिसळला की ते रक्त निळे दिसते, सरला की जवळजवळ बिनरंगी. हे रक्त खेळवायला हृदये तीन : दोन कल्ल्यांसाठी, एक बाकी शरीरासाठी.

आता या रक्तातले शिपाई पाहू. आपल्या पांढऱ्या पेशींच्या अनेक जाती आहेत. कोणी जंतू गिळते, कोणी प्रतिद्रव्य बनवते, कोणी जुन्या शत्रूची ओळख वर्षानुवर्षे जपते. माकूल आणि अष्टपाद यांच्याकडे अशी वाटणी नाही. पेशी मुख्यतः एकाच घडणीच्या. त्या डोळ्यांमागच्या एका पांढऱ्या ग्रंथीत तयार होतात. जंतू आला की त्याच त्याला गिळतात. जखम झाली तर आपल्या रक्तासारखे धाग्यांचे जाळे तेथे विणले जात नाही. या पेशीच धावून येतात, एकमेकींना बिलगतात आणि भोक बुजवतात.

येथे ‘एकजुटीचा विजय असो’ म्हणून टाळी घेणे आम्हाला सोपे होते. पण प्राण्यांच्या गोष्टीवरून माणसाला घाईने उपदेश करू नये. त्या एकजुटीत एक उणीव आहे. माकुलाकडे प्रतिद्रव्ये नाहीत. आपल्यासारखी शत्रूची पक्की स्मृती नाही. अगदीच आंधळा कारभार आहे असेही मात्र नव्हे. हवाई बेटांजवळचे एक अंगठ्याएवढे माकूल आपल्या शरीरात प्रकाश देणारे जिवाणू पाळते. त्याच्या रक्तपेशी या पाहुण्यांना फारशा चिकटत नाहीत. औषधाने जिवाणू काढून टाकले आणि काही दिवस गेले, की त्याच पेशी त्यांना चिकटू लागतात, असे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. म्हणजे सहवासाने ओळख होते, सहवास सुटला की ती पुसते.

पेशी जंतूंना गिळतात ही कल्पना मेचनिकॉफ यांना 1882 साली मेसिना येथे सुचली. तारामाशाच्या पिल्लाला त्यांनी काटा टोचला, तो त्याभोवती पेशी गोळा झालेल्या दिसल्या. त्यांचेच एक शिष्य हाफकिन पुढे आपल्या मुंबईत आले आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. गुरूने पेशींचे धावणे पाहिले. शिष्याने शरीराच्या स्मृतीला कामाला लावले.

ही स्मृती आपोआप येतेच असे नाही. धनुर्वात एकदा होऊन गेला तरी शरीर त्याला ओळखायला शिकत नाही; लस मात्र शिकवते, आणि तीही सुमारे दहा वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी मासळीच्या एका कारखान्यात एका बाईचा हात सुरीने कापला. मुकादमाने हळद लावून तिला पुन्हा पाटावर बसवले. मोजे नव्हते, सुईची नोंद नव्हती. आम्ही मागितले ते एवढेच : मोजे, आणि प्रत्येकीच्या नावापुढे लसीची तारीख. त्यासाठी तीन महिने भांडावे लागले. शेवटी एक वही मिळाली.

माकुलाला जखम झाली तर जे करायचे ते त्याच्या पेशी करतात; वही ठेवणे त्याला शक्य नाही. आपल्याला ते शक्य आहे. उद्या बाजारात माकूल घ्याल, तेव्हा ते साफ करणाऱ्या बाईच्या हाताकडे एकदा पाहा, आणि तिची तारीख कोणी लिहून ठेवली आहे काय, एवढे विचारा.