रोषणाईत ‘रोष’ कुठून आला?

आजचा शब्द आहे ‘रोषणाई’.

आपल्या कळंब तालुक्यात येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, तिकडे तुळजापूरला नवरात्र असतं. अशा वेळी बातमीत एक वाक्य हमखास दिसतं : ‘मंदिरावर आकर्षक विद्युत रोषणाई.’ आपण बोलताना ‘लायटिंग’ म्हणतो, लिहिताना मात्र रोषणाई.

रोषणाई म्हणजे नुसता उजेड नव्हे. अभ्यासाला लागतो तो उजेड. घरातल्या एका ट्यूबलाइटला कुणी रोषणाई म्हणत नाही. सणासाठी, लग्नासाठी, आनंदासाठी मुद्दाम लावलेले पुष्कळ दिवे म्हणजे रोषणाई. आणि ती विजेचीच हवी असंही नाही. त्रिपुरी पौर्णिमेला देवळासमोरची दीपमाळ पणत्यांनी उजळते, तीही रोषणाईच. बल्ब आले, मग पुढे ‘विद्युत’ जोडलं गेलं.

आता गंमत बघा. ‘रोष’ म्हणजे राग. मग रोषणाईत राग कशाला? तर त्याचा इथे काही संबंध नाही. मूळ शब्द फारसी, ‘रोशनाई’. ‘रोशन’ म्हणजे उजळलेला, तेजस्वी. मराठीत येताना ‘श’चा ‘ष’ झाला, ‘न’चा ‘ण’ झाला. लढाई, चढाई, शिलाई यांच्या रांगेत तो असा बसला, की परका वाटेनासाच झाला.

तुमचा एखादा मित्र घरी उर्दू बोलत असेल तर त्याला विचारा. उर्दूत रोशनाई म्हणजे लिहायची शाई! आणि आपली ‘शाई’ आली फारसी ‘सियाही’वरून, म्हणजे काळेपणा. एकाच दौतीला एक नाव उजेडाचं, एक काळोखाचं.

‘म्हणजे देवीच्या यात्रेत परका शब्द?’ असं कुणी म्हणेल. पण अजून थोडं मागे जा. फारसी आणि संस्कृत या भाषा एकाच जुन्या कुळातल्या. फारसी ‘रोशन’चं मूळ आणि संस्कृत ‘रुच्’ म्हणजे चमकणे, हे एकमेकांचे सख्खे नातलग. त्याच ‘रुच्’वरून आपल्याकडे रुची, रोचक, सुरुचि हे शब्द आले.

म्हणजे रोषणाईचं नातं रोषाशी नाही, रुचीशी आहे. शब्द बाहेरून आला खरा, पण आला तो भाऊबंदांच्याच घरी.

तुमच्या गावात काय म्हणतात : रोषणाई, लायटिंग की आणखी काही? नक्की कळवा. भेटू पुढच्या शब्दासोबत!