गार केलेला मेंदू सावकाश गरम करा



गिरगाव-लालबागच्या चाळींत राहिलेल्यांना पाणी बंद म्हणजे काय, हे सांगायला नको. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की महापालिका आधी कळवते, आपण पिंपं भरतो आणि तांब्या-तांब्याने पाणी वापरतो. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची कमान बदलायची, म्हणजे अशी मुख्य वाहिनीच उघडायची. मेंदूला रक्त नेणाऱ्या शाखा याच कमानीवरून निघतात. आणि मेंदूकडे पिंप नाही. नेहमीच्या तापमानाला रक्त थांबलं, तर चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशी मरू लागतात.

मग वापरच कमी करायचा. हार्ट-लंग मशीनमधून रक्त गार करत शरीर १८ अंशांच्या आसपास आणलं, की मेंदूची भूक इतकी उतरते की साधारण अर्धा तास रक्ताविना निभतं. टोरांटोच्या डॉ. बिगेलो यांनी १९५० साली थंडाव्याची वाट दाखवली, डॉ. ग्रीप यांनी १९७५ मध्ये ती कमानीच्या शस्त्रक्रियेत यशस्वी केली. आता बरेच सर्जन २४ ते २८ अंशांवरच थांबतात आणि उजव्या खांद्याखालच्या धमनीतून मेंदूपुरतं रक्त चालू ठेवतात. बंदच्या दिवशी चाळीला टँकर लावावा, तसं.

परळला हा विषय परका नाही. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं हृदयारोपण करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन महाधमनीच्या आजारांमागेही वर्षानुवर्षं लागले होते. महाधमनी आणि तिच्या शाखा सुजून अरुंद होणाऱ्या आजारावर त्यांनी आणि डॉ. परूळकरांसह त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांचा अभ्यास १९७३ साली ग्रंथरूपाने छापला. तो याच शहरात झालेला अभ्यास होता, हे विसरू नका.

आता माझा खरा मुद्दा. गार कसं करायचं, यावर सगळे बोलतात. गरम कसं करायचं, यावर कोणी बोलत नाही! दुरुस्ती संपली, पाणी सोडलं की पहिल्यांदा नळ खडखडतो, हवा येते, मग गढूळ पाणी. शहाणी गृहिणी ते थोडं वाहू देते. इथेही तसंच: अडकलेली हवा आणि कचरा आधी काढायचा, मग मेंदूकडे रक्त सोडायचं. आणि सगळ्या बिऱ्हाडांनी एकदम नळ सोडले तर वरच्या मजल्यावर थेंब पोचत नाही. झपाट्याने गरम केलेला मेंदूही असाच अचानक भरपूर मागू लागतो आणि पुरवठा तोकडा पडतो.

यात एक फसवी जागा आहे. मूत्राशयातला तापमापक ३३ दाखवत असतो, तेव्हा नाकातला, म्हणजे मेंदूजवळचा, ३७ ला पोचलेला असू शकतो. मूत्राशयाच्या आकड्यामागे धावलात तर मेंदूला ताप भरला म्हणून समजा. जखमी मेंदूला ताप फार वाईट. म्हणून ऐकणाऱ्या तरुण भूलतज्ज्ञांना आणि हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टना सांगतो: नाकाचा आकडा बघा. पुन्हा सांगतो, नाकाचा. मशीनमधलं रक्त ३७ च्या वर जाऊ देऊ नका. कपाळावरच्या पट्ट्या मेंदूतला प्राणवायू दाखवतात; त्यांच्याकडेही डोळा असू द्या.

नातेवाइकांनो, बाहेर बाकावर बसून तुम्ही विचारता, "कमान जोडून झाली ना, मग अजून वेळ कशाला?" तो वेळ मेंदूसाठी दिलेला असतो. आम्हाला घाई करू नका. तुमच्याकडून दुसरीच मदत हवी आहे. आजोबांना पूर्वी चक्कर आली होती, हात लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं, हे शस्त्रक्रियेआधी सांगा, लपवू नका.

वेळ संपत आला, एकच सांगतो. शुद्धीवर आल्यावर माणूस एक-दोन दिवस गोंधळलेला असू शकतो. त्याच्यावर रागावू नका. त्याचा चष्मा आणि कानाचं यंत्र अतिदक्षता विभागात पोचवा, नाव घेऊन हाक मारा, आज वार कोणता ते सांगा.