तुरुंगाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून तुमचा अधिक आहे. मी या शाळेचा विद्यार्थी नव्हे. याच शहरातील महाविद्यालयात मी आयुष्यभर मराठी शिकवले आणि तुमच्या शाळेतून आलेली मुले माझ्या वर्गात बसली, एवढाच माझा संबंध. कार्यवाहांनी वाङ्मयीन विषयाची अपेक्षा व्यक्त केली होती. ती मला पुरी करता येत नाही, क्षमा असावी. त्या मुलांपैकी एकाचे देणे माझ्याकडे राहिले आहे, म्हणून हा विषय.

त्याचे वडील उधन्याला यंत्रमागावर होते. मुलगा हुशार, पण एका मारामारीत सापडला आणि शिक्षा भोगून सुटला. सुटल्यानंतर तिसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला. खोली मिळत होती. घरमालकाला फक्त एखाद्या प्रतिष्ठित माणसाची चिठ्ठी हवी होती. मी त्याला चहा दिला, निघताना दोनशे रुपये दिले. चिठ्ठी दिली नाही. ‘पाहू’ म्हणालो. पैसे त्याने मागितलेच नव्हते. तो पुन्हा आला नाही.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव धुळे जिल्ह्यात आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी सारस्वताचे तुरुंगाशी नाते असे जुने आहे, आणि ते मी वर्गात अभिमानाने सांगत असे. मात्र एक गोष्ट सांगायची राहून जाई. राजबंदी सुटला की दारात हार घेऊन माणसे उभी असत. चोरी किंवा मारामारी करून आत गेलेला सुटतो, तेव्हा दारात रिक्षावालाही थांबत नाही.

या दुसऱ्या माणसाचा विचार महाराष्ट्रात एका लहानशा संस्थानाने केला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले इंजिनिअर यांच्या पुढाकाराने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भिंत नाही, पायात बेडी नाही. कैद्याने शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचे. माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवरून शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. त्यातले सहा कैदी आणि जेलर सर्वांच्या लक्षात आहेत. मला मात्र स्वतंत्रपूरची खरी युक्ती त्या ‘बायकामुलांसह’ या शब्दात दिसते. सुटणाऱ्याला परत जायला घर उरले होते, कारण ते मोडलेच नव्हते. ही वसाहत आजही आहे. पण ती मूठभर कैद्यांपुरती आहे, आणि बाकीच्यांची घरे मोडतातच.

सुरतेकडे येतो. लाजपोरच्या कारागृहात बंदी हिऱ्यांना पैलू पाडतात. हुन्नर हाती येतो. पण बाहेरच्या कारखान्यात हिरा हातात देण्यापूर्वी विचारतात, ‘ओळख कोणाची?’ महिधरपुऱ्याच्या बाजारात हिऱ्यांची पुडी जांगडवर दिली जाते, म्हणजे विक्री न होता, विश्वासावर. ‘जांगड’ हा शब्द गुजरातीत आहे तसाच आपल्या जुन्या कोशांतही आहे. (भाषेच्या मास्तराला अशी संधी सोडवत नाही.) सुटलेल्या माणसाला जांगड कोण देणार, हा आजचा प्रश्न आहे.

२०२३ साली केंद्र सरकारने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. तेव्हा जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत त्यात होती. योजना चांगली आहे. पण ती दारापर्यंतच पोहोचवते. पुढे माणसाला लागते ते बसभाडे, महिनाभराची खोली, हरवलेले रेशनकार्ड, कामाचे बूट. ही यादी इतकी क्षुल्लक की कोणत्याही मोठ्या अहवालात ती शोभत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने १९९० पासून मुंबईत हेच काम केले आणि पुढे ते आपल्या शेजारच्या भरूचपर्यंत आणले. कागदपत्रे, तात्पुरता निवारा, स्वयंसेवी संस्थांत विद्यावेतनावर उमेदवारी, असे त्याचे स्वरूप आहे. परंतु त्यांच्यामागे एक विद्यापीठ उभे आहे.

लिंबायतमध्ये एक गट आहे. दोन मुकादम, एक शिंपी, एक निवृत्त परिचारिका. महिन्यातून एखाद्या सुटलेल्या माणसाला ते उभे करू पाहतात. गेल्या वर्षी त्यांच्या वतीने एका धर्मादाय न्यासाकडे मी अर्ज लिहिला. पी.एचडी. असूनही मला तो नमुना दोनदा वाचावा लागला. नोंदणी, ८०-जीचे प्रमाणपत्र, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब हे सारे हवे होते. आणि हिशेबतपासनिसाचे शुल्कच मागितलेल्या रकमेच्या जवळपास जात होते. कंपन्यांकडे जावे, तर २०१३ च्या कायद्याने त्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात हे खरे. पण त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या संस्थेलाही तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि अनुसूची ७ मध्ये बंद्यांचा नावाने उल्लेख नाही. नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. धर्मादायाच्या नावाखाली लबाडी होते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. पण लबाडाला कागद जमवता येतात; शिंप्याला येत नाहीत.

न्यासाच्या एका गृहस्थांनी मला विचारले, ‘यातले किती पुन्हा तुरुंगात गेले?’ प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, ‘दोन.’ त्यांनी वही मिटली. एक तर मदतीनंतर आठ दिवसांत गेला, शिंप्याची कात्री घेऊन. शिंपी चार दिवस बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी पुढच्या माणसाची चौकशी करायला आला. ज्या मदतीत एकही फसत नाही ती बहुधा सोप्या माणसांनाच दिलेली असते, असे माझे मत झाले आहे.

आपल्या माजी विद्यार्थी संघाचा स्मारकनिधी आहे आणि त्याचे व्याज दरवर्षी बक्षिसांना जाते. त्यातील थोडा भाग अशा लहान गटांना द्यावा, ही माझी विनंती. न्यासाचा हिशेब कायद्याप्रमाणे ठेवावाच लागेल; त्यासाठी गटाकडून पावत्या घ्याव्यात, पण प्रतिज्ञापत्रे मागू नयेत. आणि तुमच्यापैकी एकाने महिन्यातून एकदा लिंबायतला जाऊन बसावे. गटाला पैशाहून अधिक निकड चिठ्ठी लिहिणाऱ्यांची आहे. तुमच्यात कारखानदार आहेत, वकील आहेत, घरमालकही आहेत.

त्यांच्या जमाखर्चाची वही मी सोबत आणली आहे. शेवटची नोंद गेल्या रविवारची आहे: खोलीची अनामत, बाकी. ती मी अध्यक्षांच्या हाती देतो.