आधी यंत्र बंद, मग हात

माझ्या डाव्या हाताची तर्जनी उजवीपेक्षा अर्ध्या पेराने आखूड आहे. रेडिओवर ती तुम्हाला दिसणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. या विषयावर बोलायचा माझा जो काही अधिकार आहे, तो त्या बोटाने दिलेला आहे.

मी धाराशिव जिल्ह्यातला, तुळजापूर तालुक्यातला द्राक्षबागायतदार. बाग दोन एकर. वर्षातून दोनदा छाटणी : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. पूर्वी हातकात्री दाबून दाबून संध्याकाळी मनगट सुजायचं. मग बॅटरीवरची कात्री आली. बोटाएवढी जाड काडी ती भेंडी चिरावी तशी चिरते. बांधावरच्या गवताला पेट्रोलचा ग्रास कटर आला, बाभळीच्या फांद्यांना चेन सॉ आली. वेळेवर मजूर मिळत नाहीत, तेव्हा ही यंत्रं हवीतच. आजही मी ती वापरतो.

त्या वर्षी गोडी छाटणीचा तिसरा दिवस होता. सूर्य कलला होता आणि दोनच ओळी उरल्या होत्या. तारेत अडकलेली एक काडी ओढायला डावा हात पुढे गेला. उजव्या हाताचं बोट कात्रीच्या बटणावर होतंच. साधी कात्री असती तर कातडीला टोचताच हाताने आपसूक माघार घेतली असती, कारण तिथे ताकद आपल्याच हाताची असते. बॅटरीच्या कात्रीत ताकद मोटारीची. काही महागड्या कात्र्यांत बोट लागताच थांबायची सोय असते. माझ्या कात्रीत नव्हती. तिला काडी काय आणि बोट काय, सारखंच.

दुसरी चूक त्यानंतर झाली. तुटलेलं पेर आम्ही बर्फाच्या पाण्यात बुडवून सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, बर्फ थेट लागल्याने ते जोडण्याजोगं राहिलं नाही. तेव्हा हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा आणि तडक निघायचं. हळद, चुना, मातीत वेळ घालवायचा नाही.

तेव्हापासून आमच्या बागेत एकच नियम आहे. आधी यंत्र बंद, मग हात. काडी अडकली, कात्री बंद. ओळ बदलायची, कात्री बंद. पातं पुसायचं असेल तर बॅटरीच काढून ठेवायची. डावा हात पात्यापासून वीतभर लांब. हातमोजा ओरखडे वाचवतो, पातं अडवत नाही. आणि उरलेल्या दोन ओळी उद्या झाल्या तरी बाग कुठे पळून जात नाही.

आता ग्रास कटर. आपली जमीन बालाघाटाच्या अंगाची, मुरमाड आणि दगडगोट्यांची. फिरत्या पात्याला लागलेला खडा गोफणीतून सुटावा तसा जातो. म्हणून आधी बांधावरून एक फेरी मारा. दगड, तारेचे तुकडे, ठिबकच्या नळ्या वेचून घ्या. पन्नास फुटांत माणूस, मूल, जनावर नको. पात्यावरचं संरक्षक झाकण काढू नका. डोळ्याला बंद गॉगल, कानात बोळे, पायात बूट, अंगात पूर्ण विजार हवी. धोतराचा सोगा किंवा गळ्यातला गमछा नको. बहुतेक यंत्रांत पातं डाव्या बाजूला फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जावं. पात्याचा पुढचा उजवा कोपरा खुंटाला लागला, की यंत्र जोरात झटका देतं. दोऱ्याच्या जागी तार बांधणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. ती तार तुटली की गोळीसारखी सुटते.

डोळ्याचं थोडं वेगळं सांगतो. काडी, पान, धसकट डोळ्याला लागलं तर दुकानातून आणलेले थेंब घालू नका. अशा जखमेत बुरशीचा संसर्ग होतो आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी तो वाढतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

देखभालीचंही तसंच आहे. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं. पुस्तिकेत पन्नासास एक लिहिलं असेल, तर लिटरला वीस मिलिलिटर. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळ्या जागी असतं. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. आणि भरल्यावर चार पावलं बाजूला जाऊन मगच चालू करा. 2025 पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर पुढच्या वेळी कार्बोरेटर रुसून बसतो. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढा. कात्रीचं पातं रोज पुसून तेलाचा थेंब द्या. धार उताराच्या बाजूनेच लावा. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना हात घसरतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी चार्ज करू नका. फुगलेली बॅटरी तर मुळीच नको.

आमच्या लहानपणी गावोगाव एखादा तरी माणूस असायचा, ज्याचा हात मळणी यंत्रात गेलेला. इतके हात गेले, की 1983 साली केंद्र सरकारला अशा धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला. आजची यंत्रं त्याच्यापुढे खेळण्यासारखी दिसतात, म्हणून आपण त्यांना भीत नाही. माझंही तेच झालं होतं.

आता छाटणी थोरला मुलगा करतो. गेल्या हंगामात मी घाईत अडकलेली काडी सोडवायला गेलो, तर तो मागून ओरडला, "अण्णा, आधी बंद करा!" मी कात्री बंद केली, मग काडी सोडवली. नऊ बोटं धड आहेत, ती तशीच ठेवायची आहेत.