सोबत कोण?
(शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, 2024 च्या डिसेंबरात मी एकटीच कोलकात्याला गेले. पाठीवर सॅक, पैसे मोजके. हावडा स्टेशनजवळच्या तीन लॉजवाल्यांनी विचारलं, "सोबत कोण?" कुणी नाही म्हटल्यावर रजिस्टर मिटलं, "खोली नाही." माझ्या मागून आलेल्या दोन पुरुषांना मात्र तिथंच किल्ली मिळाली. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कायदा कुठेही नाही बरं का! चौथ्या ठिकाणी मिळाली, दुप्पट भाड्यानं.

बाकी शहर गरिबाला परवडणारं. हुगळीवरची फेरीबोट थोडक्या पैशांत पलीकडे नेते. 1943 पासून वापरात असलेला हावडा पूल मी पायीच ओलांडला. पहाटे त्याखालच्या मल्लिक घाटावर झेंडूच्या माळांचे ढीग पाहिले. देशातली पहिली मेट्रो 1984 साली इथंच धावली, 2024 पासून ती नदीखालूनही जाते. पण दिवसभर मी पाणी घोटघोट प्यायले. का, ते तुम्हाला सांगायला नको.

घरी हिशेब मांडला. जेवणखाण आणि फिरणं मिळून जेवढे गेले, त्याहून जास्त पैसे त्या कडी लागणाऱ्या दाराला गेले होते. पुढच्या खेपेला कुणी येणार असाल तर सांगा. त्या तिघा लॉजवाल्यांकडे मला पुन्हा जायचंय.